जाळीमागची आई

गुवाहाटी

तीर्थरूप आईस, तुझ्या नमीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. इथेही रोज भातच असतो, फक्त आपल्या कोलमचा नाही. तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. पाण्याचा हंडा चढावरून तू आणू नकोस, संतोषदादाला आणू दे.

या आठवड्यात आम्ही प्रोग्राम लिहून फोटो साफ करायला शिकलो. सर म्हणाले, एकसारख्या रेघा असलेला फोटो घ्या. माझ्याकडे आपल्या कोंडाणे गावाहून निघतानाचा तुझा फोटो होता. टेंपो दारात उभा होता आणि तू बाहेर आलीच नाहीस. "जा गं तू, माझा भात लागंल," एवढंच म्हणालीस. मी रागानेच खिडकीच्या जाळीतून तुझा फोटो काढला.

फूरिए रूपांतर नावाचं एक गणित केलं, की फोटोत पुन्हापुन्हा येणारी जाळी थोड्या ठळक ठिपक्यांत गोळा होते. मी ते ठिपके पुसले आणि फोटो पुन्हा उभा केला. जाळी गेली होती. तू तोंडात पदर धरून रडत होतीस.

शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "प्रोग्राम चालला."

आई, फोनवर तू म्हणतेस, "आमी मजेत हाय," आणि मीही तसंच म्हणते. मला इथे करमत नाही गं. शिक्षण पुरं करूनच येईन, पण हे आज सांगून टाकते. तूही सांगत जा.

बाबांना नमस्कार.

तुझीच,
नमी