मजकुराआधीची सही

पारोळा,
दि. १९ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमराज,

सप्रेम नमस्कार. पत्र पाहून हसशील. फोनवर तू कोणाला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. आम्ही ठीक आहोत. तुझ्या नूतनवहिनीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, तरी परवा तिने भरीत आणि कळण्याची भाकरी केली, आणि सवयीने तुझी आठवण काढली. मी विषय बदलला.

तुझ्या जीवनगौरव सत्काराची पत्रिका मिळाली. गौरव अंकासाठी मी तुझ्यावर दोन पानं लिहावीत, हा निरोपही मिळाला. धुळ्याच्या कॉलेजात आपण खो-खो खेळायचो तेव्हाचं लिहिता येईल. तू मागून पाठीवर थाप मारून 'खो' म्हणालास की मी मागे न बघता उठून पळायचो. पुढे मी पारोळ्याला शाळामास्तर होऊन पोरी घडवल्या, तू जळगावला जिल्हा संघटनेचा सचिव झालास. मैदान माझं, कागद तुझे.

कागदांची आपली रीत तुला ठाऊकच आहे. जिल्हा संघाची निवड चाचणी संपली की नावं मी तोंडी सांगायचो, कोऱ्या कागदावर खाली सही करायचो आणि पाचची एस.टी. धरायचो. नावं तू नंतर टाईप करायचास. एकतीस वर्षांत वर काय उमटलं ते मी एकदाही पाहिलं नाही. पाहायला मागितलं तर तुला वाईट वाटेल असं वाटायचं. असा मी शहाणा.

दिपमालाचं लिहायचं नव्हतं. पण तिच्याशिवाय हे पत्र पुढे सरकत नाही.

कापूस वेचून मैदानावर येणारी पोर. खांबाला धरून तिच्यासारखी वळणारी दुसरी मी पाहिली नाही. ज्युनिअर गटातलं तिचं शेवटचं वर्ष होतं, आणि मी तुला सांगितलेलं पहिलं नाव तिचंच होतं. यादीत तिच्या जागी संघटनेच्या अध्यक्षांची पुतणी कामिनी आली. त्या पोरीचा दोष नाही, तिला खो घ्यायला नीट बसताही येत नाही. मी फोन केला तर तू हसत म्हणालास, "नवल, सही तर तुझीच आहे."

फसवलंस मला. आणि त्यासाठी माझाच हात वापरलास. याचा मला अजून राग येतो, भाकरी खाताना, पोरींना शिट्टी देताना, कधीही.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. दिपमाला यादीची झेरॉक्स घेऊन घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "सर, हाई सही तुमनीच शे ना?"

कोऱ्या कागदावर केली होती, एवढंच सांगायचं होतं. पण मग मागच्या सगळ्या याद्यांचं काय, असं मनात आलं आणि मी म्हणालो, "मनीच शे."

ती रडली नाही. मी घेऊन दिलेले बूट तिने पिशवीतून काढले, स्वच्छ धुतलेले, आणि ओट्यावर ठेवून निघून गेली. अडीच महिने झाले, मैदानावर आलेली नाही. तू मला फसवलंस, मी तिला. तिचं येणं माझ्याकडे बाकी आहे.

परवा तिच्या घरी गेलो आणि आईसमोर सगळं खरं सांगितलं. दिपमालाने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मना कानमा सांगीसन काय व्हई, सर? तठे सांगा."

तिथे सांगितलं आहे. काल राज्य संघटनेला अर्ज पाठवला, प्रत सोबत जोडली आहे. एकतीस वर्षांच्या याद्या उघडतील, तुझ्यासोबत माझंही नाव जाईल. आपल्या खेळात पाठीला हात लावताना शब्द मोठ्याने द्यावा लागतो, नाहीतर फाऊल. तू दिला नाहीस. मी देतोय, म्हणून हे पत्र.

सत्काराला येणार नाही. अंकात छापायचंच असेल तर हेच छाप.

तुझा म्हणवत नाही,

नवल

(वरचा मजकूर पूर्ण वाचला, मग सही केली.)