शेवाळीच्या बाटलीवर आमसुलीचं लेबल

प्रिय मन्या,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. एका घरात राहणाऱ्या भावाला कोण पत्र लिहितं? फार तर फ्रिजवर चिठ्ठी, "दूध तापव", आणि तेही तू कधी तापवलं नाहीस. पण काल तुझ्या ऑफिसातल्या इरफानचा फोन आला.

"ताई, संडेला खराडीच्या हॉलमध्ये सगळे आपापली रंगवलेल्या छोट्या सैनिकांची आर्मी मांडणार आहेत. मन्याचं टेबल आम्ही ठेवलंय. फक्त एक कार्ड लागेल. कलर स्कीम कशी ठरवली, दोन ओळी. तुम्हीच लिहाल का?"

दोन ओळी! सकाळपासून त्या दोन ओळींसाठी बसले आहे, आणि हे पत्र होऊन बसलं.

आईला विचारलं, तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "छान रंगवलंय एवढं लिही. गेलेल्या माणसाचं व्यंग कुणी चारचौघांत सांगतं का?"

व्यंग. हा शब्द आपल्या घरात तू अकरावीत असताना आला. तुला जहाजावर जायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडून विचारलं, "आकडा कुठला दिसतोय?" आणि तू म्हणालास, "कुठला आकडा?" लाल आणि हिरवा तुला वेगळे दिसत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. घरी येताना स्वारगेटला बाबा म्हणाले, "कॉम्प्युटरला कुठे रंग लागतात? आणि हे बाहेर बोलायचं नाही."

बाबांचं खरं झालं म्हणायचं. कॉम्प्युटर शिकलास, खराडीत नोकरी लागली, आपण वाघोलीत फ्लॅट घेतला. मग लग्नासाठी तुझा बायोडेटा मीच टाइप केला. शारीरिक व्यंग: नाही. तू तो वाचून म्हणालास, "ताई, हे टेस्टिंगमध्ये फेल जाईल." मी म्हटलं, "गप बस, नाहीतर जन्मभर बाहुल्या रंगवत बसशील."

बाहुल्याच म्हणायचे मी त्यांना. अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे सैनिक, कुठल्या तरी मेलेल्या राजाचे, सगळे सांगाडे, अंगावर लांब झगे. साठ होते. बाल्कनीत उजेडाला बसून तू त्यांना राखाडी अस्तर दिलंस आणि माझ्याकडे आलास. "ताई, लांबून एक सैन्य वाटलं पाहिजे. रंग तू सांग."

मी साड्यांच्या दुकानात पंधरा वर्षं काउंटरला. मला काय, मी सांगितलं. "झगा आमसुली, काठ हळदी, चिलखत राखाडीच राहू दे. ढालींना शेवाळी. काठपदर जमला की साडी जमते." तू हे वहीत लिहून घेतलंस. त्या रंगांच्या बाटल्यांवरची इंग्रजी नावं अशी, की रंग सोडून बाकी सगळं कळावं. म्हणून मी प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली, आपल्या नावांची. तू झाकण उघडून रंग बघायचाच नाहीस. पट्टी वाचायचास आणि कामाला लागायचास.

चोवीस झगे झाले आणि दिवाळीची साफसफाई आली. मी ओल्या फडक्याने बाटल्या पुसल्या. दोन पट्ट्या सुटून आल्या. गॅसवर चिवडा होता, लक्ष तिकडे. अंदाजाने चिकटवून टाकल्या. शेवाळीवर आमसुली, आमसुलीवर शेवाळी. एक झाकण उघडून बघायला किती वेळ लागला असता, सांग!

पुढचे सव्वीस झगे तू शेवाळी रंगवलेस, त्यांच्या ढाली आमसुली. मी एकदाही पाहिले नाहीत. दिवसभर रंगच बघते, घरी तरी नको, असं वर तोंड करून म्हणायचे.

ते पन्नास तू खराडीला मांडलेस. तिथे कुणीतरी विचारलं, "या दोन आर्मी आहेत का?" हे मला इरफानने तुझ्या तेराव्याला सांगितलं. तू म्हणालास म्हणे, "घराणं एकच, शाखा दोन. भाऊबंदकी. आपल्याकडे त्याशिवाय सैन्य असतं का?" सगळे हसले. नंतर इरफानला बाजूला घेऊन विचारलंस, "खरंच वेगळे दिसतात का रे?" त्याला तेव्हा कळलं. आणि तू त्याला म्हणालास, "ताईला सांगू नकोस. लेबलं तिने लावलीत."

घरी आलास तेव्हा मी विचारलं होतं, कसं झालं? "मस्त," म्हणालास. मन्या, एवढं शहाणं व्हायची काही गरज नव्हती. ओरडायचं होतंस माझ्यावर.

मग तो डेंग्यूचा ताप. तिसऱ्या दिवशी उतरला, आपल्याला हायसं वाटलं. सकाळी डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "अंगावर लाल ठिपके उठलेत का?" तू बाल्कनीत जाऊन बाह्या वर केल्यास, दोन्ही हात उलटसुलट पाहिलेस. अगदी प्रामाणिकपणे पाहिलेस. आणि म्हणालास, "नाही."

मी आरशासमोर साडीला पिना लावत होते. ते "नाही" मी ऐकलं. दहा पावलांवर होते. नारळपाणी पी, असं सांगून दुकानात निघून गेले.

संध्याकाळी चादर बदलताना आईने तुझ्या पोटऱ्यांवर ते ठिपके पाहिले.

मला लाल दिसत नाही हो, डॉक्टर, एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? तुझा राग येतो मला, अजून येतो. पण म्हणणार कसा? व्यंग आहे का? नाही. ठिपके आहेत का? नाही. ते उत्तर आम्हीच तुझ्या तोंडात बसवलं होतं. सकाळीच नेलं असतं तर फरक पडला असता का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची छाती नाही.

हॉस्पिटलमध्ये प्लेटलेट्सची पिशवी लावली तेव्हा तू वर बघून म्हणालास, "हा हळदी ना?" मी म्हटलं, हो. "हा मला दिसतो," म्हणालास. त्यानंतर आपण रंगांचं काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

आज दुपारी मी सगळे सैनिक जेवणाच्या टेबलावर मांडले. चोवीस आमसुली, सव्वीस शेवाळी, दहा अजून राखाडी. ठरवलं, शेवाळी झगे पुन्हा रंगवून टाकायचे. ब्रश भिजवला, या वेळी झाकण उघडून रंगही बघितला. सुरुवात करण्याआधी इरफानला पाठवायला एक फोटो काढला, आणि फोनमध्ये काय दाबलं गेलं कोण जाणे, तो काळापांढरा झाला.

त्यात मला कुठला झगा कुठला ते ओळखता येईना. पंधरा वर्षं काउंटरला उभी राहणारी मी, मला येईना! लांबून एक सैन्य वाटलं पाहिजे, म्हणाला होतास. तुला ते वाटतच होतं रे. दोन आम्हाला दिसत होती.

ब्रश धुऊन ठेवला. आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून तो पाहिला. मग म्हणाली, "लिही काय लिहायचं ते. पण अक्षर नीट काढ."

तर कार्ड असं लिहिलंय: "हे एकच सैन्य आहे. रंगवणाऱ्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं आम्ही त्याला शिकवलं होतं."

रविवारी ते टेबलावर मी स्वतः ठेवीन. आई सोबत येते म्हणाली आहे. कुणी विचारलं, तर भाऊबंदकीची गोष्ट सांगणार नाही, पट्ट्यांची सांगेन. उरलेल्या दहांना झगे मीच देईन, पाच आमसुली, पाच शेवाळी, आणि त्या सव्वीसांतल्या एकालाही हात लावणार नाही. आणि यापुढे या घरात कुणी "नाही" म्हणालं, तर मी हातातलं टाकून उठेन आणि स्वतः बघेन.

तुझी,
लेबलं लावणारी ताई