भिंतीतलं भोक

रविवार, ५
तोफेचा गोळा! आमच्या भिंतीला!

मी खिडकीत मटार सोलत बसले होते. बाहेर वीसेक माणसं – टोप्या, पाण्याच्या बाटल्या. जिल्हा इतिहास मंडळाची गल्लीफेरी म्हणे. पुढे त्यांचे सचिव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, हातात छत्री. छत्रीचं टोक आमच्या कुंपणाच्या भिंतीतल्या भोकात खुपसून सांगत होते, "इथे शत्रूचा गोळा लागला." माणसं माना डोलावतायत! हसता हसता मला ठसकाच लागला. मी त्यांचं नाव ठेवलं – तोफखाने.

अहो, ते भोक आमच्या पावाच्या गाडीनं पाडलंय. एक्केचाळीस वर्षं झाली.

रविवार, १२
आज गोळे दोन झाले. एक अजून भिंतीतच रुतलेला आहे म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. एका बाईंनी भोकात हात घालून फोटो काढून घेतला. मागे दोरीवर माझा परकर. तोही गेला बिचारा इतिहासात.

शेवटी राहवेना. खिडकी उघडून म्हटलं, "तोफ नाही हो, पावाची गाडी!" वाटलं, माणूस हिरमुसेल. कसला हिरमुसतोय! लगेच वही काढली. "साल कोणतं? गाडी कुणाची? चालवत कोण होतं?"

मी म्हटलं, दूध उतू चाललंय.

"मग पंचवीसला ग्रंथालयात या. आठवणींचा कार्यक्रम आहे. दहा मिनिटं बोला." मी हो म्हणून बसले. आ बैल मला मार!

सोमवार, १३
लिहूनच टाकते. गाडी मी चालवत होते.

सतरा वर्षांची होते. बाबा भट्टीवर, किल्ली खुंटीला, आणि माझ्या अंगात नसती खाज. मागे घ्यायची गाडी पुढे गेली. आवाज ऐकून दादा धावत आला, त्याच्यामागून बाबा. "कुणी केलं हे?" मी दादाकडे बोट दाखवलं. दादा गप्प. दोन मुस्काटात खाल्ल्या त्यानं. भोकही बाबांनी बुजवलं नाही, येता-जाता दिसू दे म्हणाले. आणि गाडीची किल्ली पुन्हा कधी त्याच्या हाती दिली नाही. त्याला लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायच्या होत्या. जन्मभर बेकरीच्या गल्ल्यावर बसला.

घर माझ्या वाट्याला आलं, दुकान त्याच्या. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी एका शब्दानं बोललो नाही. मला फार लाज वाटते. पंचवीसला सगळ्यांसमोर सांगायचं आणि त्याची माफी मागायची. ठरलं.

गुरुवार, १६
भाषण लिहायला बसले. पंखा पुसला. माळा आवरला.

सोमवार, २०
दादाला फोन केला. ग्रंथालयात भिंतीबद्दल बोलणार आहे, म्हटलं. "मी येणार! पहिल्या रांगेत! गोष्ट तर माझीच आहे!" आणि झाला सुरू – मांजर आडवं आलं, ब्रेक लागेना, मग यानं चाक फिरवलं, मांजर वाचलं, भिंत गेली. मांजर? कुठलं मांजर? पण सांगतो असा की मलाच क्षणभर मांजर दिसलं! लोकांना किती वर्षं सांगत असेल कोण जाणे.

शनिवार, २५
झालं एकदाचं. म्हणजे काहीच झालं नाही.

खुर्च्या तीस, माणसं सव्वीस. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. वहिनीचा गुडघा दुखतोय म्हणून ती घरीच. कागद बाजूला ठेवला. "गाडी मी चालवत होते. दोष दादावर ढकलला. दादा, चुकलं रे माझं."

दादा ताडकन उठला. "साफ खोटं! तुला कुठे गाडी येत होती?"

"येत नव्हती, म्हणून तर भिंत फोडली ना!" लोक हसायला लागले. दादा नाही हसला. चेहरा लालबुंद. "गाडी मीच चालवत होतो. मांजर आडवं आलं." पुन्हा ते मांजर! तोफखान्यांना तर पर्वणीच. दोन दावेदार! त्यांनी चक्क हात वर करायला लावले. दादाला चौदा, मला नऊ, तोफेला तीन. तोफेच्या तिघांत एक हात त्यांचा स्वतःचा.

बाहेर आल्यावर म्हटलं, चल, चहा घेऊ. दादा तरातरा निघून गेला. एक्केचाळीस वर्षं मनात कुढत राहिले, आणि ज्याची माफी मागायची तोच म्हणतो तुझा काही संबंध नाही! मला रडू आलं. मग रागही आला.

रविवार, २६
खिडकीखाली तोफखाने. "या भोकाबाबत तीन मतप्रवाह आहेत..." खिडकी लावून घेतली.

दादा फोन उचलत नाही.

मंगळवार, २८
वहिनी आली. दुखऱ्या गुडघ्यानं, एकटी, बसनं. शनिवारचं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. पाणीसुद्धा घेतलं नाही. "वन्सं, लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा यांनी मला त्या भिंतीचंच सांगितलं. म्हणाले, वडिलांनी विचारलं, तसा मी पुढे झालो आणि म्हटलं, मी केलं. त्या एका गोष्टीवर मी यांना हो म्हटलं. आता मला खरं सांगा. गाडी कोण चालवत होतं?"

"दादा," मी म्हटलं.