बोटभर जास्त

सोमवार, ३
आज रुजू झाले! घरातली पहिली पदवीधर मी. बाबा मात्र दिसेल त्याला सांगत सुटलेत की पोरगी एवढी शिकली आणि शेवटी मासे सोलायला लागली. त्यात थोडं तथ्य आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या ज्या जखमा टाके घालून मिटत नाहीत, त्यांवर आमच्या वॉर्डात माशाची कातडी लावतात. खवले काढलेली, निर्जंतुक केलेली, पुठ्ठ्यासारखी कडक. मिठाच्या पाण्यात बुडवली की मऊ होते. वास अजिबात नाही; मी दोनदा हुंगून पाहिलं. मोठ्या सिस्टरांनी दोन नियम बजावले: एक, पट्टी जखमेएवढीच कापायची, चांगल्या कातडीवर चढू द्यायची नाही; दोन, हातमोजे काढायचे नाहीत. का, असं विचारलं तर म्हणाल्या, आधी हात चालव, मग तोंड.

गुरुवार, १३
आईला माझ्याच वॉर्डात आणलंय. पोटाच्या शस्त्रक्रियेचे टाके उसवले. जखम वीतभर, उघडी. डॉक्टरांना मीच गळ घातली की कातडी लावू या. शिवणयंत्रावर पाय मारून तिनं मला शिकवलं, आता माझी पाळी. पट्टी मीच कापायला घेतली. आई मान उचलून बघत होती. म्हणाली, अगं, कडेला बोटभर जास्त ठेव, मागून आटलं तर काय करशील? तिच्याकडे कापड कापताना मी लहानपणापासून हेच ऐकत आले. सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होत्या. ठेवलं बोटभर.

सोमवार, १७
रोज सकाळी जखमेवर पारदर्शक कागद ठेवून तिची कड पेनानं गिरवते. चार दिवसांत निम्मी! डॉक्टर म्हणाले, असं पाहिलं नव्हतं. आई म्हणते, आता मला पाण्यात टाकलंत तरी बुडायची नाही.

बुधवार, १९
जखम मिटली. वण नाही. टाक्यांच्या खुणा नाहीत. बेंबीही नाही.
सिस्टरांना बोलावलं. त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, किती जास्त ठेवलं होतंस? सांगितलं. त्या स्टुलावर बसल्याच. म्हणाल्या, ही कातडी चांगल्या अंगात शिरली की तिला थांबायचं कुठे ते कळत नाही, जे उघडं दिसेल ते जखमच वाटतं. एका बाईच्या बाबतीत झालं होतं पूर्वी. त्या बाईचं पुढे काय झालं, ते सांगेनात.

शुक्रवार, २१
आईचे कान बुजले. मी काय बोलते ते तिला ऐकू येत नाही. सारखी विचारतेय, एवढी गप्प का गं, माझं काही चुकलं का?

शनिवार, २२
ओठांचे कोपरे जुळले. डॉक्टरांनी कापून मोकळे केले. तासाभरात पुन्हा जुळले, आधीपेक्षा आत. जिथे कापावं तिथे कातडीला नवी जखम मिळते.

रविवार, २३
तोंड नाही. नाकपुड्या नाहीत. गळ्याला भोक पाडून नळी घातलीय. कातडी नळीवर चढतेय. मी सोलते — चढते — सोलते —
डॉक्टर आज आलेच नाहीत.

सोमवार, २४
बाबा ऐकेनात. मोजे न घालता आईचा हात धरून बसले. मी ओरडले, सोडा तो हात. म्हणाले, आजवर नाही सोडला, आता काय सोडू?
दुपारी हळूच म्हणाले, पोरी, सुटत नाहीये गं.
दोन तळव्यांमधली फट. तीही —

मंगळवार
बाबांचे डोळे मिटले. पापण्या उघडत नाहीत. सिस्टरांनी दाराला बाहेरून कडी घातलीय. मीही तेच केलं असतं.
नळीतून बारीक शीळ येतेय. आईचे डोळे अजून उघडे — अर्धे. माझ्याकडेच बघतेय. मोकळा हात पुढे केलाय. शाळेच्या पहिल्या दिवशी केला होता तसा.
मोजा काढला. डावा देते, म्हणजे उजव्यानं लिहिता येईल.
गार आहे. ओला. किती घट्ट धरलाय —
शीळ थांबली.
वही कुणाला सापडली तर — पट्टी जखमेएवढीच कापा. कुणी काहीही सांगू दे. आईनं सांगितलं तरी —