चटका न लागणारे पाय

अण्णा, आज सकाळी प्रयोगशाळेत पुन्हा एक जखम भरली. खरी जखम नव्हे. माणसाच्या त्वचेच्या पेशींचा पातळ थर आम्ही प्लास्टिकच्या चपट्या डबीत वाढवतो, त्यावर बारीक टोकानं एक सरळ ओरखडा काढतो, एक प्रथिन घालतो आणि ओरखडा बुजतो का ते बघतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांच्या पेशी सरकत सरकत एकमेकींना येऊन भिडलेल्या असतात. नवी मुलं टाळ्या वाजवतात. आमच्या मॅडमही खूश होतात. मला मात्र दर वेळी राग येतो, आणि तो कुणावर काढायचा हे मला कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

हे प्रथिन बाहेरून आणलेलं काही अद्भुत नाही. ते कसं बनवायचं, हे आपल्या बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतं, प्रत्येकाच्या. याला ग्रोथ फॅक्टर म्हणतात, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन. डेंग्यूच्या साथीत सगळ्या गावाला ‘प्लेटलेट’ हा शब्द पाठ झाला होता, त्याच प्लेटलेटच्या पोटात ते साठवलेलं असतं. कुठं कापलं की त्या तिथं गोळा होतात, हे प्रथिन सांडतात, आणि ते आजूबाजूच्या पेशींना हाक मारतं, या, वाढा, बुजवा. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. मध्यंतरी काचेनं माझं बोट खोल कापलं होतं. आता खूणसुद्धा दिसत नाही. त्यातलं निम्मं काम तुमच्या प्रतीनं केलं असणार. मला दिलेली चालली अण्णा, मग तुमची तुम्हाला का नाही कामाला आली?

उत्तर मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच कडू लागतं. फर्दापूरहून तुम्ही रोज लेण्यांवर जायचात, पायऱ्या चढू न शकणाऱ्या पाहुण्यांना डोलीत बसवून चौघं मिळून वर न्यायचात. पुढच्या दांड्याला तुम्ही, तुमच्या मागं काका. लेण्यात शिरताना चपला काढाव्याच लागतात, पण तुम्ही त्या खाली पायथ्यालाच काढून ठेवायचात आणि दिवसभर अनवाणी. “बुद्धाच्या घरी चपला वाजवत फिरायच्या व्हय?” उन्हाळ्यात तिथला काळा दगड तव्यासारखा तापतो. बाकीचे डोलीवाले एक पाय टाकतात, एक उचलतात, सावली शोधतात. तुम्ही भर दुपारी उन्हात दांडा खांद्यावर घेऊन शांत उभे. परदेशी बाया तुमच्या पायांचे फोटो काढायच्या. लोक म्हणायचे, यांच्यावर कृपा आहे, यांना चटका लागत नाही. शाळेत मीही सांगत फिरायचे, माझ्या अण्णांना चटका लागत नाही.

एका मे महिन्यात आईनं तुमच्या चपला पिशवीत घालून मला वर पाठवलं. सगळ्या डोलीवाल्यांसमोर मी त्या तुमच्या पायाशी ठेवल्या. तुम्ही त्या पायानंच बाजूला सारल्यात. “बापाची लाज वाटती का गं तुला?” मागून काका म्हणाले, “आरं, लेकरू हाय, माया करतंय.” तुम्ही म्हणालात, “मायाच करायची तर अभ्यास कर म्हणावं. बूट तिनं घालायचे, मी न्हाय.” आणि खरंच, पाचवीत गेले तेव्हा काळे बूट तुम्हीच आणलेत. उंबऱ्यावर बसवून स्वतः नाडी बांधलीत. आयुष्यात तुम्ही कधी बूट घातले नव्हते, तुम्हाला नाडीची गाठ कुठली येणार? डोलीच्या दोरीची गाठ मारलीत, दुहेरी, ओढून. संध्याकाळी ती कुणाला सुटेना. शेवटी आईनं विळीवर नाडी कापली. तुम्ही पोट धरून हसलात. “माणूस बसवायची गाठ हाय ती. सुटली तर जीव जाईल.”

मी नववीत असताना आईला फरशीवर डाग दिसले. तुमच्या पावलाबरोबर उमटत गेलेले. तळपायाला एवढा फोड फुटलेला, आत खोल गेलेला, आणि तुम्ही म्हणता, “दुखत न्हाय म्हंजे काय न्हाय.” हळद भरून परत डोलीला गेलात. शहरातल्या एका दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी दारातूनच नाकाला रुमाल लावला. “आता आणता होय?” आधी अंगठा गेला, मग पाऊल. नंतर तुम्ही गेलात. साखरेनं पायाच्या नसा कधीच मारल्या होत्या, हे मला कॉलेजात कळलं. ज्याला सगळे कृपा म्हणत होते, तो आजार होता. जो बुद्ध कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या म्हणाला, त्याच्याच दारात तुम्ही न पारखता पाय भाजून घेतलेत. याचा राग मला अजून येतो. तुम्ही असतात तर तोंडावर बोलले असते.

यंदाच्या उन्हाळ्यात काका आले होते, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन, थेट विद्यापीठात. मी कौतुकानं त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

“काय दिसतंय?”

“वाळल्या तुरीच्या शेंगा टाकल्यावानी दिसतंय. हे औषध व्हय?”

“औषध घातलंय, पण ते आपल्या अंगातलंच. आम्ही बाहेर बनवलंय एवढंच.”

“म्हंजे तुझ्या बापाच्या अंगात व्हतं?”

“होतं.”

“मंग?”

मी समजावलं. साखरेच्या जुन्या जखमेत हे प्रथिन टिकत नाही, आलं की तोडलं जातं. बाहेरून मलम लावलं तरी ज्या पायावर रोज डोली उभी राहते, त्या पायाला भरून यायला उसंतच मिळत नाही. काकांनी मान हलवली आणि छाती पुढं काढली. “पर पाय म्हंजे तेचेच. आता माजेबी तसेच झाल्यात बघ. यंदा चटकाच लागंना. पोरं म्हणत्यात, बुद्ध पावला म्हाताऱ्याला.”

 त्यांना स्टुलावर बसवून पाय वर घ्यायला लावला, डोळे मिटायला सांगितले. “काडी लावते, कळलं की सांगा.” कापसाची काडी मी अंगठ्याखाली लावली, चवड्याला लावली, टाचेला लावली, जोरानं दाबली. काका डोळे मिटून बसलेले. मग कंटाळून म्हणाले, “लाव की गं. कवाधरनं वाट बघतोय.”

साखरेची गोळी ते घेत होते, कधीमधी. मी म्हणाले, “ती रोज घ्यायची. आणि आजपासून बूट घालायचे.”

“तुझ्या बापानं घातले असते?”

“नसते घातले. म्हणून मेले ते.”

इतकी वर्षं हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. काकांनी पाय खाली घेतला. “लई शिकलीस. बापाला येडा म्हणायला शिकलीस.”

“येडा नाही म्हणत. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला आता माहीत झालंय.”

तरी ते बरोबर आले. गुलमंडीच्या बाजारात दुकानाच्या आत यायला मात्र तयार नव्हते, बाहेरच उभे राहिले, दुकानाकडं पाठ करून. दुकानदारानं नंबर विचारला, तोंडात आला तो मी सांगितला. बाहेर आणून पाय घालून बघितले तर बूट मागं-पुढं सरकत होते. काकांनी बोटानं बुटाच्या टोकाची रिकामी जागा दाबून पाहिली. “हे तर तेच्या मापाचे हाईत,” एवढंच म्हणाले. ढिला बूट घासतो, आणि कळ न लागणाऱ्या पायाला घासणं म्हणजे पुन्हा फोड, पुन्हा तेच सगळं. मी आत जाऊन लहान जोड घेतला.

परवा त्यांचा फोन आला. “घातल्यात बरं का. पोरं साहेब म्हणून चिडवत्यात. लेण्यात शिरताना काढा, भाईर आलं की घाला, कंबर गेली माजी. आत पायमोजे घालूनच जातो. तुझा बाप शाना व्हता, हे झंझटच ठिवलं न्हाय.” मी हसले, आणि हसता हसता चिडले, तुमच्यावरच.

हे कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून एवढं कबूल करते. पहिला जोड मी परत केला नाही. दुकानदार घ्यायला तयार होता. तो माझ्या खोलीत दाराशी आहे, आईलाही माहीत नाही. त्याच्या नाड्या मी बांधून ठेवल्या आहेत. साधी गाठ मला येते, पण तुमची डोलीची मारली.