जिथं हे आले नव्हते

४ नोव्हेंबर
आज सॉलिट्यूड आणि ल्युमिनस. एका भाकरीला एक शब्द, तव्यावर फुगेपर्यंत म्हणत राहायचा. सुलभानं कलबुर्गीहून पाठवलेलं अवघड इंग्रजी शब्दांचं पुस्तक निम्मं झालं. लेक आहे, पण मास्तरणीसारखी रोज फोनवर शब्दांची चौकशी करते.
शेजारची शांतक्का भिंतीवरून: "या वयात इंग्रजी कामून गं? मडम व्हायलीस का?"
"व्हय. तुला कामाला ठेवणार हाय."

७ नोव्हेंबर
खरं कारण शांतक्काला सांगितलं नाही. मराठीतला कुठलाही शब्द घ्या, त्यात ह्यांचा आवाज. मीठ. दार. थांब. बाजारापुरतं कन्नड त्यांनीच शिकवलं. दखनी उर्दू तर त्यांच्याच तोंडची. ते जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, एक शब्द मोकळा नाही. इंग्रजी मात्र माझ्याशी कधी बोलले नाहीत. तिथं घडीभर बसता येतं.

११ नोव्हेंबर
लिंगर. म्हणजे रेंगाळणं. लगेच दिसले. 'जातो' म्हणून एका पायात चप्पल, दुसरी तशीच, दारात कुणाशी तरी बोलत उभे.
पुस्तक मिटलं.

१३ नोव्हेंबर
सुलभाचा फोन. "शब्द थांबले कामून, आई?"
"डोळे दुखायलेत." खोटंच.
आता ठरवलंय. ते पोचणार नाहीत असलेच शब्द घ्यायचे, बर्फाचे, समुद्राचे. आज फ्योर्ड. उंच डोंगरांच्या मधून आत आलेला समुद्र. आम्ही दोघांनी समुद्रच पाहिला नाही. दिवसभर शब्द तोंडात. निळं, गार, कुणीच नाही.

१६ नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला. फ्योर्ड होता. डोंगर पाण्यात उलटे. आवाज कसलाच नाही. काठावर हे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, चिंताकी गावच्या आपल्या विहिरीवर बसायचे तसे. हात पाण्यात. मागं न बघता, "गोड हाय का गं हे पाणी?"
मला ठाऊक नव्हतं. उभीच राहिले.

१७ नोव्हेंबर
पुस्तकात पाण्याच्या चवीचं काही नाही. सुलभाला विचारलं.
"खारं असतंय. समुद्राचंच की. कामून?"
"विचारायलेत."
"कोण?"
तवा तापलाय म्हणून फोन ठेवला.
जेवण झालं. भांडी झाली. उशी घेऊन खाटेवर बसून आहे. आडवं व्हावं की नको. झोप लागली तर त्यांना सांगावं लागेल.