तुमचं ते सर्वानुमते

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण माझा राग अजून उतरलेला नाही. ऐरोलीच्या आपल्या फ्लॅटमध्ये नऊ कुटुंबं दर रविवारी सकाळी सतरंजीवर गप्प बसायची. पुजारी नाही, मूर्ती नाही, आरती नाही. ज्याला आतून वाटेल त्यानं उभं राहून बोलायचं. अमेरिकेतले जुने क्वेकर, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे लोक, असेच बसायचे, हे तुम्ही कुठल्याशा पुस्तकात वाचलंत आणि तुर्भ्याच्या कारखान्यातल्या मित्रांच्या गळी उतरवलंत. देवाचा उजेड प्रत्येकाच्या आत असतो, हे तर तुमचं पालुपद.

मग एका रविवारी आई उभी राहते. आपल्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनाही बैठकीला बसायचं असायचं, पण त्यांना जागा दाराबाहेर, चपलांपाशी. आई एवढंच म्हणते, "उजेड सगळ्यांच्या आत असतो ना? मग मावशी बाहेर का?" तुम्ही डोळेही न उघडता म्हणालात, "हे आतून आलेलं नाही. हे डोक्यातून आलंय." पुढचे तीन रविवार आई तेच विचारत राहिली. चौथ्या रविवारी तुम्ही ठराव मांडलात, की तिनं बैठकीला येऊ नये. आपल्याकडे मतदान नव्हतं, सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबायचं. ते पाच मिनिटांत एक झालं. बैठकीच्या वहीत 'सर्वानुमते' लिहिलंत. डोंबलाचं सर्वानुमते! त्यानंतर रविवारी आई स्वतःच्याच घरात स्वयंपाकघराचं दार लावून बसायची आणि बैठक उठली की त्याच लोकांना चहा द्यायची. मावशींनी तर कामच सोडलं.

परवा मी त्या क्वेकरांबद्दल वाचत बसले. गुलाम बाळगणं पाप आहे, असं भर सभेत ओरडणाऱ्या आपल्यातल्याच एकाला त्यांनी उचलून बाहेर टाकलं होतं. पुढे त्याचंच म्हणणं त्यांना मान्य करावं लागलं. ही अर्धी गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती, की लपवलीत? आईची माफी न मागताच गेलात. गेल्या वर्षी तीही गेली.

हे पत्र कुठे टाकणार? टाकायचंही नाही. तुमचा खोटेपणा तुमच्याच अक्षरात बघावा म्हणून ती वही शोधून काढली. ठरावाखाली सगळ्यांच्या सह्या आहेत, माझीही. तुम्ही जबरदस्ती केली नव्हती, अण्णा. मी वीस वर्षांची होते, तुमच्या शेजारची आईची जागा आता मला मिळणार होती, आणि पेन मीच मागून घेतलं.